वर्णनात बसणारी कंपनी

कागदावर कंपनीचं नाव नव्हतं. असल्या कामात ते नसतंच. खाकऱ्यांनी कागद तिच्या टेबलावर ठेवला, "हे आजच बघून टाका, गिऱ्हाईक घाईत आहे," म्हणाले आणि आपल्या काचेच्या खोलीत परत गेले. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. पण वाईट बातमी सांगण्याआधी ते हमखास खाकरत, म्हणून सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे खाकरे म्हणायचं. आज ते खाकरले नव्हते. म्हणजे त्यांच्या लेखी हे नेहमीचंच काम होतं. तिनं एका हातात चहाचा कप तसाच धरून दुसऱ्या हातानं कागद जवळ ओढला. पाण्याचे मीटर बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. मालकी एकाच कुटुंबाची. कारखाना एकच, जुना, शहराच्या कडेला, नदीलगत. स्वतःची चाचणीशाळा. मालकांच्या पुढच्या पिढीला धंद्यात फारसा रस नाही. खाली गिऱ्हाइकाचा प्रश्न होता: गेल्या काही वर्षांत अशा कंपन्या ज्यांनी ज्यांनी विकत घेतल्या, त्यांनी जुने कारखाने चालू ठेवले की बंद केले? तिनं ते वर्णन पुन्हा वाचलं. परक्या माणसाकडचा अल्बम सहज चाळताना एखाद्या फोटोत आपल्याच घराचं दार दिसावं, तसं तिला झालं. नदीलगत. चाचणीशाळा. त्या चाचणीशाळेत गेली कित्येक वर्षं तिचा दादा काम करत होता. कप खाली ठेवताना बशी वाजली आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून पाहायला लागला, तेव्हा ती उगाचच हसली.

कोण कुणाला विकत घेतंय, कोण कुणात विलीन होतंय, कुठल्या धंद्यात असे सौदे वाढताहेत आणि कुठल्या धंद्यात थंडावलेत, हे टिपून ठेवणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. तिचं ऑफिस दर आठवड्याला त्याचं एक पत्रक काढायचं, आणि मोठ्या गिऱ्हाइकांसाठी अशी खासगी कामंही करायचं. बाहेरच्यांना वाटायचं, हे लोक कुठल्या तरी गुप्त दारातून बातम्या आणत असतील. खरं तर सगळं उघड्यावरच पडलेलं असायचं. फक्त ते वेचायला धीर लागायचा. कंपन्यांनी शेअर बाजाराला कळवलेल्या गोष्टी, सरकारी परवानग्यांच्या नोटिसा, कुणी वाचत नाही अशी धंद्याची मासिकं, नोकरीच्या जाहिराती, आणि ऑफिसनं महागडी वर्गणी भरून घेतलेला तो डेटाबेस, ज्यात जगातला प्रत्येक जाहीर सौदा नोंदलेला होता. कुठे काही हललं की तो तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा चौकोन दाखवायचा. बाकीचं अनुभवानं कळायचं. एखादी कंपनी अचानक हिशेब तपासायला नवी, मोठी माणसं नेमते; धंद्याशी संबंध नसलेली जमीन विकून टाकते; कारखान्याला रंग काढते. मुलगी बघायला येणार म्हटलं की घर आवरतात, तसलाच प्रकार. "दुसऱ्यांची लग्नं जुळवण्यात हिचा जन्म चालला," असं दादा चारचौघांत म्हणायचा, आणि मग ती अजून एकटीच राहते हे लक्षात येऊन स्वतःच ओशाळायचा.

गिऱ्हाईक कोण हे तिला माहीत होतं. पंप, नळ, टाक्या, पाण्याशी संबंध असलेलं जे जे म्हणून असतं ते बनवणारा एक मोठा समूह. कागदपत्रांत त्याला 'कासव' म्हणायचं असं ठरलं होतं, आणि हे टोपणनाव शोधणाऱ्याला विनोदबुद्धी होती, कारण तो समूह फार सावकाश यायचा आणि आला की उठायचा नाही. ती डेटाबेसपुढे बसली. कासवानं आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांनी आजवर घेतलेल्या कंपन्या एकेक करून उघडायला लागली. एरवी हे काम तिच्या आवडीचं. भाजी निवडताना मनाला जी एक शांतता येते तशी तिला त्यात यायची. आज प्रत्येक कारखान्याच्या नावापुढे 'उत्पादन अन्यत्र हलवले' असं वाचताना तिला ओल्या पितळेचा वास यायला लागला. लहानपणी कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवायचा एक दिवस असायचा. दादा तेव्हा नुकताच लागलेला, मिसरूड फुटलेला; तो तिला हाताला धरून चाचणीशाळेत घेऊन गेला होता. लांबलचक पत्र्याच्या टेबलावर मीटरांच्या रांगा, सगळ्यांतून एकच पाणी वाहतंय, सगळ्यांचे बारीक लाल काटे गरगर फिरताहेत, आणि सगळीकडे तो वास. "हे सगळे परीक्षेला बसलेत," दादा म्हणाला होता, "आणि मी मास्तर." वडील गेल्यावर शिक्षण अर्धवट सोडून हा मास्तर झालेला. तिच्या डोळ्यांत त्याचं तेव्हाचं ऐटबाज हसणं होतं आणि पडद्यावर ओळीनं बंद पडलेले कारखाने. दुपारपर्यंत उत्तर तयार झालं. बहुतेक सगळे बंद. नाव राहतं, कारखाना जातो.

आणि हे नेमकं आत्ताच यावं. आदल्या रविवारी ती दादाकडे जेवायला गेली होती. वहिनी एका शाळेत शिकवायची. दुसऱ्या एका गावातल्या मोठ्या शाळेनं तिला मुख्याध्यापिका म्हणून निवडलं होतं, आणि येत्या सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. जेवणाच्या टेबलावर हा विषय आहे हे तिला आत शिरल्या शिरल्याच कळलं. ताटं जरा जास्तच जपून मांडली जात होती. "शाळा काय इथे नाहीत?" दादा म्हणाला. "आमचे साहेब वर्षाअखेरीला निवृत्त होतायत. मोठ्या मालकांनी स्वतः मला सांगितलंय, चाचणीशाळा तुझीच. आता मी ते सोडून तिकडे जाऊन काय करू, हिच्या शाळेची घंटा बडवू?" वहिनी हसली नाही. "मी तुला सोडून ये म्हणत नाहीये," ती म्हणाली. "मग काय, तू तिथे आणि मी इथे? हे काय संसाराचं वय आहे का वेगळं राहायचं? सांग गं चिंगे, तूच सांग." चिंगी हे तिचं घरातलं नाव. दादा कायम असा तिच्याकडे निवाड्याला यायचा आणि निवाडा कायम त्याच्याच बाजूनं लागायचा. "मी काय सांगणार," ती त्या दिवशी म्हणाली होती, पण तिनं आधी दादाच्या ताटात वाढलं, आणि वहिनीनं ते पाहिलं. वहिनीनं याआधीही एकदा अशीच मोठी जागा नाकारली होती. तेव्हा मुलगा लहान होता. आता मुलगा शिकायला बाहेर होता, आणि नाकारायला उरला होता फक्त दादाचा कारखाना. त्या कारखान्याचंच आता काय होणार होतं हे सगळ्या जगात ऑफिसातल्या दोनचार माणसांना आणि तिला ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं तिला वाटत होतं.

ऑफिसचा नियम साधा होता. काचेच्या खोलीतलं काचेच्या खोलीत. गिऱ्हाइकाच्या कामातलं अक्षरही बाहेर जाता कामा नये. आणि ज्या कंपनीचं काम आहे तिथे आपलं कुणी माणूस असेल, तर ते ताबडतोब सांगायचं. ती उठून खाकऱ्यांच्या दारापर्यंत गेलीही. ते फोनवर होते. त्यांनी भुवया उंचावून 'काय' असं विचारलं. सांगायचं काय? कागदावर तर नावच नाही. आणि सांगितलं तर ते हे काम तिच्याकडून काढून घेतील, मग पुढचं काहीच कळणार नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून घेतल्यासारखं होईल. "उत्तर पाठवलंय," ती म्हणाली. त्यांनी अंगठा वर केला. जागेवर परत येताना तिला जाणवलं, की आपण खोटं बोललेलो नाही, तरी मान मात्र ताठ झाली आहे, आणि ती तशीच राहणार आहे.

मग तिनं एक उद्योग आरंभला. जे काचेच्या खोलीत कळलं ते सांगता येत नाही. पण तेच जर उघड्यावर कुठे सापडलं, तर? तर ती दादाला म्हणू शकली असती, हे बघ, हे मासिकात आलंय, ही नोटीस कुणीही वाचावी अशी आहे. जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःच्या फोनवर शोधायला लागली. दादाच्या कंपनीनं मध्यंतरी शहरातलं एक जुनं गोदाम विकलं होतं. हिशेब तपासणारे बदलले होते. धंद्याच्या मासिकात मालकांच्या धाकट्या मुलाची मुलाखत होती, त्यात तो मीटरांबद्दल एक वाक्य बोलला होता आणि गिर्यारोहणाबद्दल पान भरून. प्रत्येक गोष्ट सापडली की छातीत एक ठोका चुकायचा, आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की त्या चुकलेल्या ठोक्यात थोडा आनंदही असायचा; आपला अंदाज बरोबर निघतोय याचा, धंद्याचा, सवयीचा आनंद. पण यातलं काहीच दादापुढे ठेवण्यासारखं नव्हतं. गोदाम विकलं म्हणून कुणी कारखाना बंद पडल्याची हाकाटी करत नाही. शेवटी तिनं त्यालाच फोन लावला.

"काय गं, आज कामाच्या वेळी?" पलीकडे पाण्याचा आवाज होता, आणि कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

"सहज. कसं चाललंय? कारखान्याला रंगबिंग काढतायत की काय?"

"अगं, हो! तुला कसं कळलं? सगळं पिवळं करून टाकलंय. हळदीला बसल्यासारखा दिसतोय कारखाना." तो खदखदून हसला. "आणि परवा कुणी पाहुणे आले होते, चकचकीत बुटांतले. मोठ्या मालकांनी मला पुढे केलं, म्हणाले, हा आमचा चाचणीशाळेचा पुढचा माणूस. मी काय बोललो देव जाणे, पण ते सारखे मान डोलवत होते."

तिनं भिंतीला हात टेकवला. "काय विचारत होते?"

"हेच, किती माणसं, किती जागा. तू अशी का बोलतेस? बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग ऐक. हिला जरा समजाव. तुझं ऐकेल. माझं म्हणजे आता भिंतीला सांगितल्यासारखं झालंय."

त्या दिवसापासून तिला कुठेच नीट बसता येईना. जिन्यात, बँकेत, दुकानात बिलाच्या रांगेत, ती मनात दादाशी बोलायची. दादा, तुझी चाचणीशाळा जाणार आहे. दादा, ते बूट मोजमाप घ्यायला आले होते. मग दादा मनातल्या मनात विचारायचा, तुला कुणी सांगितलं? आणि तिथे ती अडायची. त्याच्या पोटात काही राहत नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती परीक्षेत नापास झाल्याचं त्यानं आईपासून एक जेवण होईपर्यंतसुद्धा लपवलं नव्हतं. तो सरळ मोठ्या मालकांच्या पुढ्यात जाऊन उभा राहील, आणि संध्याकाळच्या आत कासवाला कळेल, आणि मग खाकरे खाकरतील. नोकरी जाईल, ते एक. पण या धंद्यात जिचं तोंड एकदा उघडलं, तिला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. आणि नाही सांगितलं तर वहिनी सोमवारी नकार कळवणार, आणि पुढच्या वर्षी या वेळेला दोघंही त्या घरात एकमेकांसमोर बसलेली असतील. एकाची चाचणीशाळा गेलेली, दुसरीची शाळा. दादाचं ते बसणं तिला स्पष्ट दिसायचं. वहिनीचं दिसायचं नाही. हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

शुक्रवारी दुपारी वहिनी आली. ऑफिसच्या इमारतीखाली एक छोटं चहाचं दुकान होतं, तिथून फोन केला, "खाली येतेस जरा?" इतक्या वर्षांत वहिनी कधी तिच्या ऑफिसवर आलेली नव्हती. ती उतरली तेव्हा वहिनी कोपऱ्यातल्या टेबलाशी पर्स मांडीवर घेऊन बसली होती, एखाद्या कचेरीतून बोलावणं आलेलं असावं तशी ताठ. दोघींचं नातं वाईट नव्हतं. एकमेकींना दुखवायचं नाही, आणि फार जवळही यायचं नाही, असं न बोलता ठरलेलं होतं. ती अजून वहिनीला तुम्हीच म्हणायची. वहिनीनं चहा मागवला. साखर घातलेली असूनही ती बराच वेळ नुसतं ढवळत राहिली. मग म्हणाली, "मी फार वेळ घेत नाही तुझा. तुझ्या दादानं तुला मला समजवायला सांगितलंय, माहितेय मला. ते तू समजाव हवं तर, मी ऐकून घेईन. पण त्याआधी एक विचारते. कारण नको सांगूस, काहीच सांगू नकोस. फक्त सांग, मी हो म्हणू?"

कारण नको सांगूस. वहिनीला कळलंय. कसं कळलं? रंगावरून, पाहुण्यांवरून, फोनवरच्या तिच्या आवाजावरून. दादानं घरी जाऊन सांगितलं असणार, चिंगीला न सांगता रंगाचं कळलं. वहिनी हुशार होती. ती दादासारखी मालकांपुढे जाऊन उभी राहणारी नव्हती. म्हणून तर ती असं दाराबाहेर उभं राहून विचारत होती, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दोघींनाही शपथेवर सांगता येईल, की काही बोलणं झालं नाही. दुकानातला पंखा फिरत होता, शेजारच्या टेबलावर दोघं क्रिकेटवर भांडत होते. काचेतून वर पाहिलं तर तिच्याच ऑफिसच्या मजल्याच्या खिडक्या दिसत होत्या. एका शब्दात कुठलं गुपित असतं? हो हा काही कंपनीचा तपशील नाही. आणि तरी तिला पक्कं माहीत होतं, की हा शब्द उच्चारला की नियम मोडला.

"हो म्हणा," ती म्हणाली.

वहिनीचा चमचा थांबला. तिचे डोळे एकदम भरून आले, आणि तिनं घाईघाईनं पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. समोर बसलेल्या नणंदेला वाटलं, बिचारी, आता कारखान्याचा विचार करत असणार. दोघींनी उरलेला चहा संपवला.

सोमवारी वहिनीनं होकार कळवला. संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाज इतका बारीक झाला होता की पहिल्यांदा तिला तो ओळखू आला नाही. "तू तिला काय सांगितलंस?" "काही नाही." "मग ही म्हणते चिंगीशी बोलले. काय बोललात?" "काही नाही रे, सहज भेटलो." "सहज," दादा म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला नाही, नुसता धरून ठेवला, आणि ती त्याचा श्वास ऐकत राहिली. थोडं थांब, तिला म्हणावंसं वाटत होतं. थोडं थांब, मग तुला कळेल. सहामाही संपल्यावर वहिनी गेली. सामान फार नव्हतं. पुस्तकं, कपडे, एक शिलाई मशीन. दादानं सगळं टेंपोत नीट रचून दिलं, दोरी घट्ट आवळली, आणि टेंपो सुटल्यावर घरात न जाता सरळ कारखान्यात गेला. त्यानंतर ती दर रविवारी त्याच्याकडे जायची. तो ओट्याशी उभ्यानंच जेवायचा. मान बारीक झाली होती, शर्टाची कॉलर मोठी वाटायची. शनिवारी कधी तो बसनं वहिनीकडे जायचा, परत आला की आणखी गप्प असायचा. तिच्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता जपून बोलायचा, पाहुणीशी बोलावं तसा.

आणि ती वाट बघत होती. रोज सकाळी ऑफिसात आली की आधी पडद्याचा कोपरा बघायची. मीटर, पाणी, कासव, दादाच्या कंपनीचं नाव, सगळ्यांवर तिनं पाळत लावून ठेवली होती. दिवस जात होते आणि पिवळा चौकोन भलत्याच गोष्टींसाठी उमटत होता. कुठे सिमेंट, कुठे औषधं, कुठे दोन विमा कंपन्या. पत्रकात ती लिहीत होती, की मोजमापाच्या उपकरणांच्या धंद्यात सौद्यांचा कल चढा आहे. एका सकाळी काही उमटलं नाही तेव्हा तिच्या तोंडून "अजून कसं नाही" असं निघालं, अगदी मोठ्यानं. आणि आपण काय बोललो हे तिला ऐकू आलं. दादाचा कारखाना बंद पडावा म्हणून ती रोज सकाळी इथे येऊन बसत होती. तो बंद पडला तरच ती खरी ठरणार होती. वहिनीचं जाणं, ओट्याशी उभं राहून जेवणं, जपून बोलणं, सगळ्याचा अर्थ त्यानंच लागणार होता. तिनं पडदा बंद केला, हात धुवायला गेली, आणि नळाखाली बराच वेळ हात धरून उभी राहिली. पण परत येऊन तिनं पाळत काढली नाही.

बातमी आली ती एका साध्या, कंटाळवाण्या सकाळी. पिवळा चौकोन. कासवानं मीटर बनवणारी एक कंपनी विकत घेतल्याचं जाहीर केलं होतं. तिनं ती उघडली. कंपनीचं नाव तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्याच देशातली कंपनी. कुटुंबाच्या मालकीची, एक जुना कारखाना, शहराच्या कडेला, नदीलगत, स्वतःची चाचणीशाळा, मालकीणबाईंच्या मुलींना धंद्यात रस नाही. कागदावरचं प्रत्येक वाक्य त्या कंपनीच्या मापानं शिवल्यासारखं बसत होतं. पाणी मोजणारे कारखाने जुन्या काळी नदीकाठीच बांधत असणार, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. दादाच्या कारखान्याला रंग काढला होता, कारण रंग उडाला होता. चकचकीत बुटांतली माणसं विमा कंपनीची होती. हे तिला त्याच दुपारी दादाला आडून आडून विचारल्यावर कळलं. खाकरे टेबलाशी आले आणि खूश होऊन म्हणाले, "आपल्या कामाचा उपयोग झाला म्हणायचा." ती हो म्हणाली. काहीच मोडलं नव्हतं, ना नियम, ना गुपित. तिनं एका कारखान्याचं कुलूप आपल्याच मनात लावलं होतं, आणि त्यामुळे खरंखुरं एक घर दोन गावांत राहायला गेलं होतं. आणि त्या परक्या नदीकाठी कुणाचा तरी दादा आज सकाळी ही बातमी ऐकत असेल, हेही तिला सुचलं. बंद पडलेल्या कारखान्यांचं उत्तर तिनंच पाठवलेलं होतं.

पुढच्या शनिवारी ती दादाला न सांगता सकाळच्या बसनं वहिनीच्या गावी गेली. शाळेच्या आवारातच मुख्याध्यापिकेला दोन खोल्या दिलेल्या होत्या. वहिनी वेगळीच दिसत होती; केस बारीक कापलेले, चालण्यात घाई. अंगणातून जाता जाता दोन मुलींनी खिडकीतून डोकावून "बाई, सोमवारी तालीम आहे ना?" असं विचारलं आणि वहिनी "आहे, आणि उशीर केलात तर बघा," असं इतक्या मोकळ्या आवाजात ओरडली, की ती चमकून बघत राहिली. हा आवाज त्या घरात तिनं कधी ऐकलेला नव्हता. खोलीत बसल्यावर, तिनं बोलायला तोंड उघडण्याआधीच वहिनी म्हणाली, "तू आलीस ते बरं झालं. तुला कधी बोलले नाही मी. त्या दिवशी चहाच्या दुकानात तू हो म्हणालीस ना, मी घरी जाताना बसमध्ये रडले, लोक बघत होते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या घरात मला पहिल्यांदा कुणीतरी हो म्हणालं. तेही तू. मला वाटलं होतं तू दादाचीच बाजू घेशील. म्हणून तर म्हटलं, कारण नको सांगूस. कारणं ऐकून ऐकून कंटाळले होते मी."

म्हणजे वहिनीला काहीच कळलेलं नव्हतं. ती फक्त विचारायला आली होती. हे आभार आयते हातात पडले होते. नुसतं हसायचं आणि ठेवून घ्यायचं. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. वहिनी तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती नजर तिला हवी होती, इतकी की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. खिडकीबाहेर कुणीतरी मैदानावर पाणी मारत होतं. ती म्हणाली, "वहिनी, ते तसं नव्हतं."

तिनं सगळं सांगितलं. कागद, वर्णन, रंग, बूट, कासव. सांगून झाल्यावर वहिनीनं विचारलं, "म्हणजे कारखाना बंद पडणार असं तुला वाटलं, म्हणून?"

"हो."

"माझी नोकरी तरी राहावी, दादाला आधार."

"हो."

"आणि तसं वाटलं नसतं तर नाही म्हणाली असतीस."

"बहुतेक." तिला खोटं बोलता येईना.

वहिनी उठली. कप उचलले, आत जाऊन विसळले, पुसले, जाग्यावर ठेवले. पाठमोरीच म्हणाली, "बरं झालं तेव्हा नाही कळलं." परत आली तेव्हा चेहरा कोरडा होता. "आता तुझा दादा येईल एवढ्यात. दर वेळी जाताना म्हणतो, पुरे झालं, परत चल. आजही म्हणेल. साहेबांच्या खुर्चीत बसला तो, पण घरी कुणाला सांगणार, म्हणतो. रात्री जेवत नाही. हे सगळं मलाही दिसतं. आता तर तुझ्याकडे कसली बातमी नाही ना? मग आता सांग. मी काय करू?"

तिचं मन सवयीनं धावलं. कशावरून सांगायचं? कुठे बघायचं? दादाची बारीक झालेली मान समोर आली, मोठी झालेली कॉलर, उभ्यानं खाल्लेलं जेवण. नेहमीसारखा आधी दादाच दिसला. तिनं त्याला तिथेच थांबवून धरलं आणि समोर बसलेल्या बाईकडे पाहिलं. बोटांना खडू लागलेला होता. भिंतीवर तिच्या हातचं वेळापत्रक. ती उत्तराची वाट बघत होती, पण त्या दिवसासारखी नाही. या वेळी ती समोरच्या माणसाला पारखून घेत होती.

"राहा इथेच," ती म्हणाली. "दादाला त्रास होईल. होऊ दे. तुम्ही राहा."

वहिनीनं विचारलं, "हे त्याला कोण सांगणार?"

"मी सांगते."

"सगळं?"

"सगळं."

"मग जा," वहिनी म्हणाली. "बस आलीच असेल."

शाळेच्या फाटकापासून थांबा दिसत होता. बस येऊन उभी राहिली, धुरळा उडाला, आणि त्यातून दादा उतरला, खांद्याला पिशवी, तीच सैल कॉलर. तिला बघून आधी त्याचा विश्वास बसेना. मग कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा पूर्वीसारखा उजळला. "चिंगे, तू? वा! आता तूच समजाव बाई तिला, माझं काही चालत नाही," असं लांबूनच म्हणत तो जवळ आला. तिनं त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. ती वाटली होती त्याहून जड होती. "चल, इथे सावलीत बसू," ती म्हणाली. "आत जायच्या आधी माझं ऐक."